कोरड्या केसांचे मिस्त्री

माझ्याच मांगरातून मला हाकलून देणारा माणूस जगात एकच भेटला.

मांगर म्हणजे आमच्या परड्याच्या टोकाला, खाडीच्या अंगाला असलेली कौलारू खोपी. सासऱ्यांच्या वेळी तिथे सुकं खोबरं आणि काथ्या ठेवत. सासरे गेले आणि तिथे उंदीर राहायला आले. मग एक दिवस हे मिस्त्री उगवले. ‘गॅसचं वेल्डिंग करतो, जागा पाहिजे,’ म्हणाले आणि आमच्या ह्यांनी देऊन टाकली. मला विचारायची पद्धत आमच्याकडे नव्हतीच. मी शाळेतून आले ती तणतणत. कोण हा माणूस, बघू तरी, म्हणून थेट मांगराच्या दारात जाऊन उभी राहिले, तर आतून ओरड आली.

“बाई, थंयच! फुडे पाऊल टाकू नको!”

“का? माझा मांगर आहे तो.”

“मांगर तुमचो, पण डोक्याक खोबरेल लावलास. हयसर वास येता. तेल लावून हय येवचा नाय!”

मी गावची शाळाबाई. मला कोणी अशा आवाजात बोलत नसे. पण मिस्त्रींना त्याचं काही नव्हतं. त्यांनी लोखंडी नळकांड्याकडे बोट दाखवलं. त्यात ऑक्सिजन भरलेला असे, कोल्हापुराहून ट्रकने घाट उतरून यायचा. त्या हवेला तेलाचं बोट जरी लागलं तरी भडका उडतो, म्हणून नळकांड्याची चावी फिरवायच्या आधी ते साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायचे. आणि स्वतःच्या डोक्याला तर तेल कधीच नाही. आमच्या मुलखात, जिथे बाळाच्या टाळूपासून म्हाताऱ्याच्या टकलापर्यंत सगळं खोबरेलात न्हालेलं, तिथे ह्या एका माणसाचे केस कोरडे, तांबूस, पिंजून ठेवलेल्या काथ्यासारखे. गावाने पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव ‘काथ्या’ पाडलं. तोंडावर मात्र सगळे मिस्त्रीच म्हणत.

तेव्हा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता आणि आमच्या खाडीत मशीनची होडी ही बघायला जायची गोष्ट होती. मिस्त्री मुंबईच्या गोदीत काम शिकलेले. तिथून का सोडून आले, ते कोणाला कळलं नाही. लग्न केलेलं नव्हतं. एक बहीण जामसंड्याला दिलेली, एवढंच. “तुमी मूळचे खंयचे? कोणापैकी?” असं आमच्याकडे पाणी द्यायच्या आधी विचारतात. मिस्त्री सांगायचे, “गोदीतलो.” पुढे विचारलं तर चष्मा चढवायचे. हिरव्या काचांचा, बाजूंना चामडं लावलेला चष्मा. तो चढला की संभाषण संपलं.

ज्योत पेटवायच्या आधी ते एकदाच ओरडायचे, “डोळे!” आणि सगळ्या वाडीने तोंड फिरवायचं. विहिरीवरच्या बायका, खाडीत गळ टाकून गरवायला बसलेले म्हातारे, माझी शाळेतून सुटलेली पोरं, सगळे. एकदा गावचे भटजी नैवेद्याचं ताट घेऊन जात होते, तेही भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. ज्योतीकडे चोरून बघणारं एखादं पोर मिस्त्रींना दिसलं तर काम तिथेच बंद. ज्योत विझवायची, पोराला समोर उभं करायचं आणि विचारायचं, “तुका डोळे दोनच दिल्यान मां देवान? का घराक अजून आसत?” पोर रडेपर्यंत उत्तर मागायचे.

आणलेल्या वस्तूशी ते बोलत. आणणाऱ्याशी नंतर. पिंप आलं की झाकण उघडून नाक आत घालायचे आणि पिंपालाच विचारायचे, “पोटात काय होता तुझ्या?” माशाचं तेल, रॉकेल, डिझेल, काय असेल ते. मालक म्हणायचा, “मिस्त्री, धुवून उन्हात सुकवलंय. कोरडा खडखडीत आसा.” मिस्त्री म्हणायचे, “कोरडा म्हणानच भितंय. तेल जाता, वाफ रवता. ती दिसणत नाय.” मग मालकाच्याच हातात बादली द्यायचे. सांध्याच्या जागेपर्यंत पिंप पाण्याने भरल्याशिवाय ज्योत पेटायची नाही. वैशाखात विहिरी तळाला गेल्या की लोक शिव्या घालायचे. मिस्त्री खाडीकडे बोट दाखवायचे. “खारा पाणी चलता. पिंपाक चहा करूचो नाय.”

धातूंचे स्वभाव ते माणसांसारखे सांगायचे. जस्ताचा पत्रा आला की तो अंगणात काढायचे, वाऱ्याकडे पाठ करून बसायचे, कारण जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. जर्मलच्या, म्हणजे अॅल्युमिनियमच्या, टोपावर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता. “लोखंड लाल होता, सांगता, आता पुरे. हो जर्मल सांगणत नाय, लाल होणत नाय. बघता बघता मांडी घालून बसता.” तांब्यापितळेला ते लाडावलेली चेडवां, म्हणजे पोरी, म्हणायचे. आणि बीड आलं, म्हणजे ओतीव लोखंड, की त्यांचा आवाज खाली यायचा.

“बीड म्हणजे म्हातारा माणूस,” ते म्हणायचे. “गरम केल्यास तरी चलात. गार केल्यास तरी चलात. पण सावकाश. घाई तेका सोसणत नाय.”

बिडाचं काम म्हणजे आमच्या परड्यात सोहळा. मांगरामागे खड्डा होता. त्यात करवंट्यांचे निखारे घालून आख्खी वस्तू आधी तापवायची, तापलेलीच सांधायची, आणि लगेच राखेच्या ढिगात पुरून टाकायची. एक रात्र, एक दिवस. तोवर कोणी राखेला हात लावायचा नाही, वारा लागता कामा नये, पाण्याचा थेंब तर नाहीच. मग मिस्त्री वस्तू बाहेर काढायचे, फुंकायचे, आणि आपला गाल तिच्यावर टेकवायचे. डोळे मिटून. “हात खोटा सांगता, हाताक सवय झाली. गालाक सोसला तर समजूचा, थंड झाला.” त्यानंतर लहानशा हातोडीने टिचकी मारून कान लावायचे. नाद चांगला घुमला की वस्तू मालकाच्या हवाली, आणि मग मालकाने हवा तर नारळ फोडावा. आमच्याकडे नवं किंवा दुरुस्त केलेलं यंत्र नारळ फोडल्याशिवाय कोण चालू करतो? मिस्त्रींची हरकत नसे. मात्र आधी गाल, मग हातोडी, मग नारळ. हा क्रम मोडलेला त्यांना खपत नसे.

मिस्त्रींना जेवायला घालणारी एक म्हातारी होती. शेजारच्या वाडीतली, आम्ही सगळे तिला काकी म्हणायचो. एकुलता एक मुलगा, सून, दोन नातवंडं. मुलाने आमच्या खाडीतली पहिली मशीनची होडी आणली, तेव्हापासून मिस्त्रींचं आणि त्या घराचं जुळलं. काकी भर दुपारी केळीच्या पानाखाली झाकलेलं कालवण घेऊन यायची आणि मांगराच्या दाराबाहेर, तेलाच्या हद्दीपलीकडे, ठेवायची. “मेल्या, खा. नायतर लोखंड चावत बसशील.” मिस्त्री हसायचे. ते हसताना मी बघितले ते फक्त काकीसमोर. “माझो दुसरो झील,” दुसरा मुलगा, असं ती त्यांना सगळ्यांसमोर म्हणायची.

एका वर्षी नारळी पौर्णिमेच्या तोंडावर काकीच्या मुलाच्या मशीनचं बिडाचं डोकं, म्हणजे वरचं जाड झाकण, तडकलं. पावसाळाभर होडी शाकारून ठेवलेली, आता दर्या उघडणार, आणि मशीन आजारी. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मिस्त्रींनी ते डोकं खड्ड्यात तापवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्या धगीत, डाव्या हातात बिडाची कांडी, उजव्या हातात ज्योत. सांधा घालून झाला, राखेत पुरला, आणि मुलाला म्हणाले, “उद्या सांजेक. तेच्या आधी देव इलो तरी देवचंय नाय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्रींचे डोळे धगीने सुजून लाल झाले होते. मी त्यांना आमच्या ओटीवर आडवं केलं, डोळ्यांवर ओलं फडकं घातलं, आणि पोरांना घेऊन शाळेच्या झेंडावंदनासारखी रांग करून बंदरावर गेले. सगळा गाव तिथेच होता. संध्याकाळी परतले तेव्हा काकीचा मुलगा मांगराच्या दारात उभा होता आणि मागे वाडीतले गडी ढोल-ताशे बडवत होते. मिस्त्रींनी राख सारली, डोकं काढलं, गाल टेकवला. थंड होतं. हातोडी उचलली, टिचकी मारली, कान लावला.

“ढोल थांबवा रे,” ते म्हणाले. “आयकाक येणा नाय.”

ढोल कसले थांबतायत! मुलगा हसला. “मिस्त्री, तुमच्या हाताचा काम. आयकूक कित्याक होया?” त्याने डोकं खांद्यावर घेतलं आणि नाचतच निघाला. मिस्त्री हातोडी धरून तसेच उभे. एक पाऊल पुढे टाकलं होतं त्यांनी, ते मला आठवतं. मग तेही हसले. पोराच्या आनंदाला माणूस किती आडवा येणार?

होडी काही दिवस झकास चालली. मग एका दुपारी वारा फिरला. बाकीच्या होड्या शिडावर, वल्ह्यांवर कशाबशा आत आल्या. काकीच्या मुलाचं मशीन ऐन खडकांपाशी बंद पडलं. बरोबरचे दोघे पोहून निघाले. तो मशीनपाशी वाकलेला होता, तो निघाला नाही. तिसऱ्या दिवशी तोंडवलीच्या वाळूत सापडला.

ओहोटीला लोकांनी मोडकी होडी ओढून आणली. मशीनचं डोकं कोणीतरी आमच्या परड्यात आणून टाकलं. अर्धा गाव जमला होता. काकी जमिनीवर बसलेली, सुनेने तिला धरलेलं. मिस्त्री उकिडवे बसले. बोट फिरवत राहिले त्या डोक्यावरून, कितीतरी वेळ. हातोडीने टिचकी मारली. फुटक्या मडक्यासारखा आवाज आला, तो मलासुद्धा कळला. मग ते उठले आणि मांगरामागे गेले. मी मागोमाग गेले, मला त्यांची भीती वाटली म्हणून. ते राखेच्या ढिगात हात घालून राख चाळत होते. मूठभर घ्यायचे, सोडायचे. मध्येच थांबले. काहीतरी काळं त्यांच्या हाताला लागलं. ते त्यांनी नाकाशी नेलं, हुंगलं, आणि मूठ मिटली.

परत येऊन ते सगळ्यांसमोर उभे राहिले. मान वर करून म्हणाले, “माझो सांधो सुटलो. चूक माझी.”

काकीने जी किंचाळी फोडली ती मी लिहू शकत नाही.

त्यानंतर ती जवळजवळ रोज यायची. ज्या दाराशी कालवण ठेवायची त्याच दाराशी उभी राहून शिव्याशाप. “माझो झील खाल्लंस! माझ्या हातचा खावन माझोच झील खाल्लंस, मेल्या! तुझे हात झडांदेत!” मिस्त्री ज्योत विझवायचे. चष्मा काढायचे. उभे राहायचे. तिचं संपेपर्यंत ऐकायचे, एकदाही तोंड न फिरवता. ती गेली की खाली बसायचे, आणि पुन्हा ज्योत पेटवायला बराच वेळ लागायचा. पुढे पुढे पेटवायला काही कामही राहिलं नाही. मशीनवाले दुसरीकडे जाऊ लागले. कढयांचे कान, कंदिलांचे तळ, एवढंच येई.

मला काकीची दया येई आणि रागही येई. एका दुपारी ती अशीच शिव्या घालून थकली आणि माझ्या ओटीवर येऊन टेकली. मी पाणी दिलं. ती पुटपुटत राहिली, मला नाही, देवाला.

“मिया काय कमी केलंय रे तुझा? पुनवेच्या सकाळी सगळी बंदरार गेली. मी एकटी हय इलंय. राख बाजूक केलंय, मशिनीक कुंकू लावलंय, नारळ फोडलंय. माझ्या झिलाक सांभाळ म्हटलंय, आणि ह्या मेल्या मिस्त्रीच्या हाताकय येश दी म्हटलंय. पाणी चर्र झाला गो बाई. माका वाटला, देवान घेतल्यान. परत राख नीट ओढून ठेवलंय. कोणाक सांगूक नाय, मिस्त्री रागावतलो म्हणान.”

माझ्या हातातला तांब्या मी खाली ठेवला. ‘पाण्याचा थेंब तर नाहीच.’ इतकी वर्षं परड्यात ऐकलेलं वाक्य. तापलेल्या बिडावर नारळाचं गार पाणी. त्या म्हातारीने आपल्या हाताने, देवाचं नाव घेऊन. आणि तिला माहीत नव्हतं. अजून नव्हतं. ती पदराने डोळे पुसून मला म्हणाली, “देव तरी खंय आसा?” आणि उठून गेली.

मी तशीच धावत मांगरात गेले. तेल लावलेल्या डोक्याने, हद्द ओलांडून आत. मिस्त्रींनी मला अडवलं नाही. माझा चेहरा बघून त्यांना कळलं असावं.

“मिस्त्री, तुम्हाला माहीत होतं!”

“तुमी गप रवा, बाई.”

“राखेत काय मिळालं होतं तुम्हाला?”

त्यांनी फळीवरच्या डब्यातून एक तुकडा काढून दाखवला. करवंटीचा कपचा, आतल्या बाजूला खोबऱ्याचा जळून कोळसा झालेला. “सांधो शाबूत आसा,” ते हळू म्हणाले. “तडो बाजून गेलो. थंड पाणी पडला थंयसून.”

“मग सांगा ना गावाला! सगळा गाव तुमच्या नावाने बोटं मोडतोय. ती रोज येऊन थुंकते तुमच्यावर, आणि तुम्ही...” मला रडू यायला लागलं, रागाचं. “तुमची काय चूक?”

“आयकूचा काम माझा होता,” मिस्त्री म्हणाले. “नारळ तिचो, पण आयकूचा माझा. ढोल वाजत होते म्हणान मी सोडलंय. तेची वाट अडवूक होयी होती. नाय अडवलंय.” मग तुकडा परत डब्यात ठेवत, “आणि सांगान काय होतला? माझ्यार ओरडता, रडता, घराक जावन दोन घास खाता. खरा कळला तर ती कोणार ओरडतली? तिका सोसाचा नाय, बाई. त्याच दिवशी ती विहिरीत उडी टाकतली.”

मी म्हटलं, “आणि तुम्हाला सोसतं?”

मिस्त्रींनी मान वळवली. त्या बिडाच्या डोक्याकडे बघितलं. ते त्यांनी खड्ड्याशेजारी ठेवलं होतं, पोत्याखाली. मला वाटलं, आता गाल टेकवतील. पण नाही टेकवला. पोतं नीट सारखं केलं फक्त.

मी गप्प राहिले. कारण ते बरोबर होतं की चूक ते मला आजही सांगता येत नाही. शाळेत पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारायच्या आणि घरी येऊन परड्यात रोज हे बघायचं. पण काकीचं तोंड डोळ्यांसमोर आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. मिस्त्रींनी आणखी काही पावसाळे काढले. मग एक दिवस नळकांडं ट्रकवर चढवून परत पाठवलं, चष्मा रुमालात बांधला आणि बहिणीकडे जामसंड्याला निघून गेले. काकी दुसऱ्या दिवशी आली, रिकाम्या दारासमोर उभी राहिली, आणि तशीच परत गेली. त्यानंतर ती खचलीच. शिव्या घालायला माणूस नाही म्हटल्यावर तिला रडायचीसुद्धा जागा उरली नाही.

अंथरुणाला खिळली तेव्हा तिने मला बोलावणं पाठवलं. हात धरला आणि म्हणाली, “त्या मेल्याक सांग, म्हातारेन शाप परत घेतल्यान. हात झडांदेत म्हटलंय, ता मागे घेतलंय. तेचा काय, चुकलो बिचारो. माझ्या हातचा खायी होतो गो तो.” दोन दिवसांनी गेली. नातवंडं तोवर मोठी झाली होती, सून सावरली होती. निजल्या जागी, शांतपणे गेली, एवढं तरी देवाने केलं.

तिचे दिवस झाल्यावर मी एस.टी. पकडून जामसंड्याला गेले. मिस्त्री बहिणीच्या खळ्यात, अंगणात, बसले होते. पार वाळलेले. डोळ्यांत फूल पडलेलं, समोरचं धड दिसत नव्हतं. केस पांढरे झाले होते, पण तसेच कोरडे, तसेच उभे. बहीण माझ्याकडे तक्रार करायला लागली, “काम सोडून वर्सां झाली, पण अजून डोक्याक तेल लावूक देणा नाय. टाळू तापता हेची, रात्री निजणत नाय. म्हटल्यार सांगता, अजून नको, काम सरूक नाय.”

मी त्यांच्याजवळ बसले आणि काकी गेल्याचं सांगितलं. शाप मागे घेतल्याचंही सांगितलं, तिच्याच शब्दांत. त्यांनी मान खाली घातली. मग एकदम घाबरल्यासारखं माझं मनगट धरलं.

“तिका कोणी सांगल्यान?”

“नाही हो. कोणीच नाही. तिला शेवटपर्यंत कळलं नाही.”

“नक्की?”

“नक्की.”

त्यांनी मनगट सोडलं.  माडावर कावळे ओरडत होते.

“आता तरी लोकांना सांगू का?” मी विचारलं. “तुमच्या हाताला दोष नव्हता, एवढं तरी?”

“तिची नातवंडा आसत मां?” मिस्त्री म्हणाले. “आजयेचा नाव तेंच्या तोंडात चांगला आसांदे. कधी सांगल्यात तर नाव घेव नकात. तिचाय नको, माझाय नको.”

म्हणून ह्या लिहिण्यात कोणाचंच नाव नाही.

मी उठले, पायऱ्यांपर्यंत आले, तेव्हा मागून त्यांचा आवाज आला. मला वाटलं मलाच हाक मारतायत. पण ते बहिणीला सांगत होते.

“गो, तेल हाड वाईच. डोक्याक घाल.”

ती वाटी घेऊन धावत आली आणि रडत रडत त्यांच्या टाळूवर खोबरेल ओतू लागली.